‘सन’ लिहिलेली काच

टक्. माळेतून निसटलेली एखादी लवंगी लांब कुठेतरी फुटावी, एवढाच आवाज. दिवाळीचे दिवस, त्यामुळे भाट्याच्या किनाऱ्यावर कोणी मानही वळवली नाही. मी वळवली, कारण आवाज शेजारच्या दुर्बिणीतून आला होता.

२५ ऑक्टोबर २०२२. नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन आदल्या दिवशी एकत्रच उरकलेलं, पाडवा दुसऱ्या दिवशी, आणि मधला दिवस सूर्यग्रहणाने खाल्लेला. रत्नागिरीत स्पर्श, म्हणजे ग्रहणाची सुरुवात, पाचच्या जरा आधी, आणि मोक्ष, म्हणजे ग्रहण सुटणं, होण्याआधीच सूर्य समुद्रात. पंचांगाच्या भाषेत ग्रस्तास्त. घरोघरी वेध चालू, फराळाच्या डब्यांवर तुळशीपत्रं. तरी चार वाजता माझ्या सहा इंची दुर्बिणीपुढे तीसेक माणसं रांगेत होती. मी शाळेत विज्ञान शिकवतो. ग्रहण आलं की सुट्टी अशीच जाते.

शेजारी एक निवृत्त काका नातीला घेऊन आले होते. ६० मिलिमीटरची जुनी दुर्बीण, लाकडी तिपाई आणि दुर्बिणीच्या खोक्यातच मिळालेली गडद हिरवी काच. कोटाच्या बटणाएवढी, कडेवर ‘सन’ असं छापलेलं. ती आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, बुडाला आट्यांवर बसते.

“काका, ही नका लावू. फिल्टर पुढच्या तोंडाला हवा.”

“अहो सर, दुर्बिणीबरोबरच आलीय. नाव आहे बघा वर.”

रांग वाढत होती. मी वाद घालायचा कंटाळा केला, हे कबूल करतो.

काच तडकली तेव्हा काकांनी सूर्य बरोबर मध्ये आणून ठेवला होता आणि “ये गं लवकर” म्हणून नातीला हाका मारत होते. ती शिंपले वेचत सुरूंच्या बाजूला गेली होती. दोन मिनिटं आधी आली असती तर तिचा डोळा त्या काचेमागे असता.

आयपीस काढून पाहिलं. काचेला आरपार भेग, आणि एक कपचा गळून पडलेला. ती नळी ७०० मिलिमीटरची; तिच्यात सूर्याची प्रतिमा जेमतेम साडेसहा मिलिमीटरची पडते. म्हणजे ६० मिलिमीटर रुंदीचं ऊन एवढ्याशा ठिपक्यात, ऐंशी पटीहून जास्त तीव्र, आणि ही काच नेमकी त्या ठिपक्याच्या आसपास बसवलेली. माझ्या दुर्बिणीच्या तोंडावर चंदेरी फिल्म असते. ती लाखातला एकच भाग प्रकाश आत सोडते, त्यामुळे पुढे काही तापतच नाही. तिला भीती वाऱ्याची आणि टाचणीएवढ्या भोकांची. म्हणून लावायच्या आधी उन्हासमोर धरून बघतो, मग तीन ठिकाणी चिकटपट्टी.

काकांना हे सगळं सांगत बसलो नाही. त्यांच्या दुर्बिणीतून आयपीस काढलेलाच होता. तिथे काळ्या कागदाचा तुकडा धरून पुढेमागे केला. ठिपका बारीक झाला आणि कागदातून धुराची रेघ निघाली.

“आजोबा, धूर!”

काका वाळूतच बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “दुखलं असतं तर तिने डोळा काढला असता ना?”

“दुखत नाही, काका. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळतच नाही. भाजल्याचं समजतं ते काही तासांनी, नीट दिसेनासं झालं की.”

त्यांची दुर्बीण मात्र वाया घालवली नाही. कोणीतरी पेढ्यांच्या खोक्याचं पांढरं झाकण दिलं. नुसता आयपीस लावून मागे फूटभरावर झाकण धरलं, आणि तळहातात मावेल एवढा सूर्य त्यावर उतरला. आयपीसला डोळा लावायला कोणी पुढे येऊ नये म्हणून काका स्वतःच आडवे उभे राहिले. नातीने पेन्सिलीने गोल आखला आणि दर दहा मिनिटांनी चंद्राची कड गिरवायला लागली. माझ्या रांगेतली निम्मी पोरं तिकडे पळाली.

साडेपाचच्या सुमारास काका हळूच जवळ आले. “सर, रागावू नका. पण तुमच्या त्या छोट्या नळीवर काय आहे?”

फाइंडर, म्हणजे नेम धरायला मोठ्या दुर्बिणीवर बसवलेली छोटी दुर्बीण. त्यावर काहीच नव्हतं. त्याच्या तोंडावरची टोपी कोणाचा तरी धक्का लागून खाली वाळूत पडलेली. सूर्य धरताना मी फाइंडर वापरत नाही. नळीची सावली सगळ्यात लहान झाली की सूर्य आलाच. त्यामुळे तिकडे माझं लक्षच गेलं नाही. आणि तो होता बरोबर दुसरी-तिसरीतल्या पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर. एकट्या त्या रांगेत अशी पोरं डझनभर तरी होती. नंतर उघडून पाहिलं तर आतली तारांची अधिक (+) खूण वितळून एक तार लोंबत होती.

मी टोपी लावली, वर रुमाल गुंडाळला आणि चिकटपट्टी मारली. काका काही बोलले नाहीत. परत जाऊन झाकणाशी उभे राहिले.

सूर्य खाली आला तशी झाकणावरची प्रतिमा तांबूस, मग पुसट होत गेली. नातीच्या शेवटच्या दोन रेषा अंदाजानेच काढलेल्या होत्या. निघताना तिने झाकण मागून घेतलं. तडकलेली काच काकांनी माझ्या हातावर ठेवली. “शाळेत दाखवा पोरांना.”

फाइंडर मी त्याच रात्री काढून कपाटात टाकला. हिरव्या काचेशेजारी.