पायाचे टक्के आणि कमाईचे टक्के

अपघातात जखमी झालेल्या माणसाच्या घरी चौकशीला येणारा जवळजवळ प्रत्येक जण एक प्रश्न हमखास विचारतो: "डॉक्टरांनी किती टक्के अपंगत्व दिलं?" त्याच आकड्यावर नुकसानभरपाई ठरते, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो विमा कंपन्यांच्या सोयीचा आहे. माझ्या धाकट्या भावाचा दावा मुंबईच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालू आहे. त्या निमित्ताने जे वाचले आणि पाहिले, त्यावरून हा समज जखमी माणसाला किती महागात पडू शकतो, हे सविस्तर लिहावेसे वाटते.

भाऊ लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीचे काम करतो. पूर्व द्रुतगती महामार्गावर घाटकोपरजवळ सर्व्हिस रोडवरून अचानक आत घुसलेल्या मोटारीने त्याच्या स्कूटरला धडक दिली आणि उजव्या घोट्याची हाडे मोडली. शस्त्रक्रिया झाली, प्लेट बसवली, तो चालू-फिरू लागला; पण घोटा पूर्वीसारखा वाकत नाही. प्रमाणपत्रावर 20 टक्के कायमचे अपंगत्व आले. टेबलापाशी बसून काम करणाऱ्याचे अशा घोट्याने फारसे अडणार नाही. भावाला मात्र गच्चीवरच्या मशीन रूमपर्यंत लोखंडी शिडी चढावी लागते, तळाच्या खड्ड्यात उतरून उकिडवे बसावे लागते आणि लिफ्टच्या छपरावर तोल सांभाळत उभे राहून दोर तपासावे लागतात. यातले एकही काम आता त्याला धडपणे जमत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' या खटल्यात नेमका हाच भेद केला. अवयवाचे अपंगत्व किती, त्याचा संपूर्ण शरीरावर परिणाम किती आणि त्यामुळे त्या माणसाची कमाईची क्षमता किती घटली, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. हात गमावलेल्या सुताराची किंवा चालकाची कमाई जवळजवळ पूर्ण बुडू शकते, तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकूही शकते, असे उदाहरण त्या निकालातच आहे.

हिशेब मांडला की फरक डोळ्यांत भरतो. वय 34 आणि मासिक उत्पन्न 20,000 रुपये धरू. नोकरी कायमची नसेल आणि वय चाळिशीच्या आत असेल, तर भविष्यातील वाढीसाठी 40 टक्के मिळवले जातात. म्हणजे महिना 28,000 आणि वर्षाला 3,36,000. या वयाचा गुणक, म्हणजे वार्षिक कमाईला वयानुसार ज्याने गुणतात तो आकडा, 16 आहे. कमाईचे नुकसान 20 टक्के मानले, तर या एका सदराखाली 10,75,200 रुपये होतात. 50 टक्के मानले, तर 26,88,000. उपचारांचा खर्च, बुडालेला पगार, वेदना व मनस्ताप ही सदरे वेगळीच.

म्हणून खरी मेहनत कामाचे स्वरूप सिद्ध करण्यात आहे, आणि तिकडे बहुतेक कुटुंबांचे लक्षच जात नाही. औषधांची बिले सगळे जपून ठेवतात. तो माणूस दिवसभर नेमके काय करत होता, याचा कागद मात्र कोणाकडेच नसतो. आम्ही ठेकेदाराकडे गेलो, तेव्हा ते म्हणाले, "ताई, पत्र हवं तसं देतो, पण कोर्टात मला बोलावू नका." त्यांची अडचण मला कळते, परंतु पत्र देणारा साक्षीला उभा राहिला नाही, तर विमा कंपनीचा वकील त्या पत्राला आक्षेप घेणारच. बरेच समजावल्यावर ते तयार झाले. सोबत बँकेचे खाते उतारे, कामाच्या नोंदवहीची पाने आणि बरोबर काम करणाऱ्या सहकाऱ्याचे प्रतिज्ञापत्रही जोडले.

पोलिसांकडील कागदांत एफआयआरइतकाच घटनास्थळ पंचनामा महत्त्वाचा, कारण चूक कोणाची हा वाद बहुधा त्यावरच रंगतो. परिसरातील सोसायटी किंवा दुकानाच्या कॅमेऱ्याचे चित्रण फार दिवस राहत नाही, त्यामुळे ते जपून ठेवण्याची लेखी विनंती ताबडतोब करावी. 2022 पासून लागू असलेल्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला की नाही, याचा पाठपुरावा घरच्यांनी करावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खालील भरपाईच्या अर्जाला आता अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले, तरी त्या भरवशावर कोणीही थांबू नये. अपघात खोपोलीला झाला आणि जखमी माणूस मुंबईत राहत असेल, तर अर्ज मुंबईतही करता येतो.

मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून उपचारांचा खर्च मागता येणार नाही, असेही अनेकांना सांगितले जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये ही वजावट नाकारली आहे. आपण हप्ते भरून घेतलेल्या विम्याचा फायदा धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीने का उचलावा, हा प्रश्न मला पूर्णपणे न्याय्य वाटतो.

रुग्णालयाच्या वॉर्डात "केस आम्ही बघतो, मिळाल्यावर टक्के द्या" म्हणणारी माणसे भेटतात, तेव्हा जखमीच्या नातेवाइकांची मन:स्थिती कागद वाचण्याची नसते आणि याचाच फायदा घेतला जातो, याची मला मनापासून चीड आहे. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास किंवा भरपाईत वाटा घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नये, आणि मूळ कागदपत्रे दिली तर त्यांची पोच घ्यावी.

भावाचे प्रतिज्ञापत्र दाखल झाले असून, आता डॉक्टरांची साक्ष व्हायची आहे. घोटा किती अंश वाकतो हे त्यांच्या प्रमाणपत्रात आहेच. शिडी चढणे, उकिडवे बसणे आणि अरुंद जागेत तोल सांभाळणे त्या घोट्याने शक्य आहे का, हा प्रश्न त्यांना साक्षीत स्पष्टपणे विचारावा, असे आम्ही आमच्या वकिलांना लेखी कळवले आहे.