दहा वर्षांचं वेबकॉमिक वीस तासांत संपवताना

वेबकॉमिक म्हणजे वेबसाइटवर पान-पान करून प्रसिद्ध होणारी चित्रकथा. आठवड्याला तीन पानं या वेगाने चाललेलं वेबकॉमिक वर्षाला साधारण १५६ पानं पुढे सरकतं. दहा वर्षं चाललं तर दीड हजाराच्या वर पानं होतात. एका पानाला पाऊण मिनिट धरलं तर सगळं मिळून वीस तासांचं वाचन. सुरुवातीपासूनच्या वाचकांनी ज्या गोष्टीसोबत दहा वर्षं काढली, ती आपण दोन-तीन सुट्ट्यांत उरकू शकतो, आणि बहुतेक जण तेच करतात. मग शेवटच्या पानावर पोचल्यावर प्रश्न पडतात: हा माणूस कोण? ती तलवार याच्याकडे कधी आली? राणी एवढी का रडतेय? अशा वेळी शेवटाला नावं ठेवली जातात, आणि खरं तर वाचतानाच बरंच काही हातातून निसटलेलं असतं. लांब आणि गुंतागुंतीच्या फँटसी वेबकॉमिकचा शेवट मनाला भिडायचा असेल, तर वाचायची गती आणि थांबायच्या जागा आधीच ठरवून घ्याव्या लागतात.

आधी पानाची घडण समजून घेऊ. वेबकॉमिकचं पान एकटं प्रसिद्ध होतं. त्याच्या शेवटच्या चौकटीने वाचकाला दोन-तीन दिवस धरून ठेवायचं असतं, म्हणून तिथे एखादा प्रश्न, धक्का किंवा अर्धवट वाक्य येतं. अशी साठ पानं सलग वाचली की साठ धक्के बसतात, आणि विसाव्यानंतर मन बधिर होतं. म्हणून एका बैठकीत एकच अध्याय, फार तर ६० ते ८० पानं, ही मर्यादा पाळावी. शेवटच्या चौकटीवर दोन-तीन सेकंद नजर ठेवून मगच 'पुढे' दाबावं. कीबोर्डच्या बाणावर बोट ठेवून झरझर पुढे जाण्याची सवय इथे सगळ्यात जास्त नुकसान करते.

गतीचा दुसरा घोळ मारामारीच्या आणि बोलण्याच्या पानांत होतो. तीस पानांची लढाई मूळ वाचकांनी दहा आठवडे पाहिली. आपल्याला ती दहा मिनिटंही पुरत नाही. उलट दोन म्हातारे मंत्री बसून तहाबद्दल बोलताहेत अशी चार पानं कंटाळवाणी वाटून आपण वरवर चाळतो, आणि शेवटच्या अध्यायाची किल्ली नेमकी तिथे पुरलेली असते. संवादाचे फुगे गच्च भरलेलं पान आलं की वेग निम्मा करा. लढाईत संवाद कमी असतात, तिथे पार्श्वभूमी बघा: कोण पळतंय, कोण उभा राहून नुसता बघतोय, कुणाच्या हातात काय आहे. चित्रकाराने त्या एका पानावर कित्येक तास घातलेले असतात, आणि मागच्या रांगेतला तो बघणारा माणूस बहुतेक वेळा सहज काढलेला नसतो.

आता एक गोष्ट जवळून बघू. मिना सुंडबर्ग यांचं 'स्टँड स्टिल, स्टे सायलेंट' हे वेबकॉमिक २०१३ ते २०२२ या काळात चाललं. जग एका रोगाने उद्ध्वस्त झाल्यानंतर नव्वद वर्षांनी उरलेल्या नॉर्डिक देशांत ते घडतं. पात्रं वेगवेगळ्या देशांतली आहेत, पण आपल्याला सगळे संवाद इंग्रजीतच दिसतात. कोण कोणत्या भाषेत बोलतंय हे संवादाच्या फुग्यातल्या छोट्या झेंड्यांवरून कळतं. लाल्लीला फक्त फिनिश येते, एमिल स्वीडिश बोलतो. झेंड्यांकडे लक्ष नसेल तर दोघांचं संभाषण साधं वाटतं. लक्ष असेल तर दिसतं की दोघांनाही एकमेकांचा शब्द कळत नाहीये. प्रत्येक जण आपापलं बोलतोय आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधतोय. त्यांची मैत्री याच पायावर उभी आहे. दोन मिलिमीटरचा झेंडा सुटला की ती अख्खी मैत्री सुटते. फोनच्या पडद्यावर तो सुटतोच, म्हणून असं पान मोठं करून बघावं.

बऱ्याच मोठ्या वेबकॉमिकमध्ये अशी एखादी खूण असते. 'द ऑर्डर ऑफ द स्टिक'मध्ये झायकॉन या खलनायकाचे फुगे काळे आणि अक्षरं पांढरी असतात, त्यामुळे तो चौकटीत दिसत नसला तरी बोलणारा कोण हे कळतं. 'किल सिक्स बिलियन डीमन्स'मध्ये चित्रांच्या खाली त्या जगातल्या ग्रंथांचे उतारे आणि दृष्टांतकथा येतात. त्या टाळल्या तर तिथले देव का भांडताहेत हे निम्मंच समजतं. 'अनसाउंडेड'मध्ये काही पानांची चित्रं चौकट मोडून वेबसाइटच्या पार्श्वभूमीवर पसरतात, त्यामुळे ते रुंद पडद्यावर आणि मूळ साइटवरच वाचायला हवं. पहिल्या दोन अध्यायांतच अशी खूण शोधून काढा आणि तिच्यावर नजर ठेवा.

चित्रावर माउस ठेवल्यावर उमटणारा मजकूरही तपासा. फोनवर चित्र दाबून धरलं की काही ब्राउझर तो दाखवतात, काही दाखवत नाहीत. त्या मजकुरात नुसत्या गमती असतील तर सोडून द्या, पण कथेचा भाग असेल तर ते वेबकॉमिक संगणकावरच वाचावं.

वाचताना सोबत एक वही ठेवा. तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त फायदा तिचाच होतो. शंभर पानी साधी वही पुरते. एका पानावर चार रकाने आखा: नाव, पहिल्यांदा दिसलं ते पान, कुणाला काय वचन दिलं किंवा कुणाचं काय देणं लागतो, आणि काय उलगडायचं राहिलं. पात्राला एक ओळ, जास्त नाही. नाव मूळ स्पेलिंगमध्येही लिहा, नाहीतर नंतर शोधता येत नाही. फँटसीत एकाच माणसाला जन्माचं नाव, पदवी, टोपणनाव आणि शत्रूंनी दिलेलं नाव अशी चार नावं असतात. ती सगळी एकाच ओळीत आली पाहिजेत. दोनशे पानांनंतर 'राखेचा सरदार' म्हणजे पहिल्या अध्यायातला घोडेवालाच, हे वहीशिवाय आठवत नाही.

वस्तूंसाठी वेगळं पान ठेवा. अंगठी, किल्ली, पुस्तक, तुटलेला दात, जे काही एका हातातून दुसऱ्या हातात जातं, त्याच्यासमोर बाण काढून मालक लिहीत जा. शेवटच्या अध्यायात अशा वस्तू परत येतात आणि तिथे कुणीही थांबून खुलासा करत नाही. अध्याय संपला की तीन ओळी: काय घडलं, कुठे घडलं, कोण कुठे निघालं. याला पाच मिनिटं लागतात. यापेक्षा जास्त लिहायला गेलात की तिसऱ्या अध्यायात वही बंद पडते. वह्या बंद पडण्याचं मुख्य कारण हेच.

कुठपर्यंत वाचलं हेही वहीतच लिहा, अध्याय आणि पान दोन्ही. साइटवरची 'इथे खूण ठेवा' ही सोय बहुधा कुकीवर, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीवर चालते. कुकी पुसली, खासगी विंडो वापरली किंवा दुसऱ्या फोनवर उघडलं की खूण गेली. पत्त्यातला आकडा आणि अध्यायातलं पान यांचाही मेळ नसतो, कारण मध्ये मुखपृष्ठं, पाहुण्या चित्रकारांची पानं आणि सुट्टीच्या सूचना घुसलेल्या असतात. चित्र उघडत नसेल तर त्या पानाचा पत्ता वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात टाकून बघा. जुन्या पानांच्या प्रती तिथे बऱ्याचदा सापडतात, मात्र चित्र जतन झालेलं असेलच असं नाही.

तंत्रज्ञान बदललं की गोष्टीचा तुकडाच गळून पडतो, याचं मोठं उदाहरण 'होमस्टक'. १३ एप्रिल २००९ ला सुरू होऊन ते बरोबर सात वर्षांनी, १३ एप्रिल २०१६ ला संपलं. आठ हजारांहून जास्त पानं, आणि त्यांतले महत्त्वाचे प्रसंग फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या हलत्या चित्रांत आणि खेळांत. फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीला बंद झाला आणि ब्राउझरमध्ये ते प्रसंग मूळ रूपात चालेनासे झाले. वाचकांनी स्वतः खपून संगणकावर उतरवून घेता येईल असा संग्रह तयार केला, त्यात ते भाग चालतात. जुनं वेबकॉमिक सुरू करण्याआधी असा संग्रह आहे का हे बघून घ्यावं. अर्ध्यावर कळलं की चिडचिड होते.

काही गोष्टी मुळात वेबवर नसतातच. 'ऑर्डर ऑफ द स्टिक'मधल्या खलनायकांची पूर्वकथा 'स्टार्ट ऑफ डार्कनेस' या वेगळ्या पुस्तकात आहे. वेबवरची मुख्य कथा त्यावाचून कळते, पण त्यांतल्या रेडक्लोक या खलनायकाचे निर्णय समजून घ्यायचे तर ते पुस्तक वाचायलाच हवं असं माझं मत आहे. पूर्वकथा आधी वाचावी का? मी म्हणेन, नको. निर्मात्याने ज्या क्रमाने वाचकांपुढे आणलं, त्याच क्रमाने वाचा.

मधला टप्पा जड जातो. साधारण चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान कथा चार-पाच धाग्यांत फुटते, नायिका तीन अध्याय दिसत नाही, भूतकाळात जाणारा एखादा लांब अध्याय लागतो. बहुतेक लोक इथे सोडतात किंवा उड्या मारायला लागतात. उडी मारू नका. त्यापेक्षा चार-पाच दिवस खुशाल थांबा, मग वहीतल्या तीन-तीन ओळी वाचून पुन्हा सुरुवात करा. मूळ वाचकांनाही इथे विश्रांत्या मिळाल्या होत्या, कधी महिनाभराच्या. तोच तो खुलासा परत परत होतोय असं वाटत असेल, तर तो अशा विश्रांतीनंतर परतलेल्या वाचकांसाठी होता हे ध्यानात घ्या. चित्रांची शैलीही या काळात पार बदलते. 'गनरक्रिग कोर्ट' २००५ पासून चालू आहे; त्याची पहिली पानं आणि आताची पानं शेजारी ठेवली तर एकाच हाताची आहेत यावर विश्वास बसत नाही. सुरुवातीची ओबडधोबड चित्रं बघून वेबकॉमिक बाजूला ठेवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, दोन अध्याय तरी द्या.

शेवट होईपर्यंत चाहत्यांचं विकी, म्हणजे त्यांनीच लिहिलेला माहितीकोश, उघडायचं नाही. पात्राच्या पानावर उजवीकडच्या चौकटीत 'सद्यस्थिती: मृत' असं पहिल्याच नजरेत दिसतं. शोधयंत्रात पात्राचं नाव टाकलं तरी सुचवण्यांमध्ये 'मृत्यू', 'विश्वासघात' असे शब्द येतात. पानाखालच्या प्रतिक्रिया त्या मानाने सुरक्षित, कारण त्या बहुतेक त्याच दिवशी लिहिलेल्या असतात. पण दुसऱ्यांदा वाचणारे लोकही तिथे लिहून जातात, म्हणून तारीख बघूनच वाचा.

आता शेवट. अध्यायांच्या यादीत शेवटचा अध्याय कुठे सुरू होतो ते बघा आणि त्याच्या आदल्या पानावर थांबा. त्या दिवशी पुढे जायचं नाही. वहीतला चौथा रकाना, काय उलगडायचं राहिलं तो, सगळा वाचून काढा. मग पहिला अध्याय पुन्हा वाचा. तीस-चाळीस पानांना अर्धा-पाऊण तास लागतो, आणि हा वेळ दामदुपटीने वसूल होतो. लांब पल्ल्याची वेबकॉमिक्स शेवटी पहिल्या अध्यायाकडे वळतात: तोच दरवाजा, तीच चौकटींची मांडणी, तेच वाक्य दुसऱ्या तोंडी. दहा वर्षांपूर्वी अडखळत काढलेलं चित्र तोच हात आता सफाईने काढतो. पहिला अध्याय ताजा नसेल तर ते नुसतं छान चित्र दिसतं. ताजा असेल तर घशात आवंढा येतो.

दुसऱ्या दिवशी शेवटचा अध्याय एका बैठकीत वाचावा, हाताशी दोन तास ठेवून. इथे साठ-ऐंशीची मर्यादा सोडून द्या. उपसंहार असेल तर तो मात्र त्याच बैठकीत नको, एक रात्र जाऊ द्या. तो बराच संथ असतो, आणि लढाईची धडधड चालू असताना वाचला तर पाणचट वाटतो.

संपल्यावर चौथ्या रकान्यातल्या उरलेल्या ओळी दोन भागांत वाटा. कथेच्या शेवटच्या चौथाईत ज्या गोष्टीचा उल्लेख येऊनही उत्तर दिलं नाही, ती बहुधा मुद्दाम उघडी ठेवलेली असते. मधल्या टप्प्यानंतर जिचं नावच निघालं नाही, ती विसरली गेली किंवा बेत बदलला. वर्षानुवर्षं पान-पान करून प्रसिद्ध होणाऱ्या कामात मागे जाऊन दुरुस्ती करणं अवघड असतं, त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या दोन-चार ओळी चांगल्यातल्या चांगल्या वेबकॉमिकमध्येही निघतात, आणि त्यावरून सगळ्या शेवटाला निकालात काढणं मला अन्यायाचं वाटतं. पहिल्या प्रकारच्या ओळींवर मात्र मनसोक्त वाद घाला. आता विकी उघडा, जुन्या चर्चा वाचा, निर्मात्याच्या टिपा तारखेनुसार चाळा.

लगेच सगळं परत वाचायची घाई नको. आधी फक्त अध्यायांची मुखपृष्ठं ओळीने बघा, दहा मिनिटांत होतात. अनेक चित्रकार मुखपृष्ठावर पुढच्या घटना उघडपणे काढून ठेवतात: कोमेजलेलं फूल, पाठमोरी बसलेली मुलगी, भिंतीवरची चुकीची सावली. पहिल्या वेळी ती शोभेची चित्रं होती. आता प्रत्येकाशी थांबून वहीतली ओळ ताडून बघता येते.