प्रोग्रेसिव्ह प्रेसवर .२२३: सेटअप कुठवर आलाय

मंडळी, डिलनचा एक्सएल ७५०, म्हणजे उडालेल्या काडतुसांच्या केस घरी पुन्हा भरायचा प्रेस, एकदाचा बेंचवर बसला आणि .२२३ रेमिंग्टन या रायफलच्या काडतुसाचे राऊंड त्यातून नीट बाहेर पडायला लागलेत, म्हणून आत्तापर्यंतचा हिशोब इथे मांडतोय. पावडरचं वजन कुठेच लिहिणार नाहीये, विचारूही नका. तुमची रायफल, तुमचा बुलेट (काडतुसाची फक्त पुढची गोळी), तुमचा पावडरचा लॉट, आणि छापील मॅन्युअल समोर उघडं. आणि भारतातून वाचणाऱ्यांनी हे फक्त वाचायला म्हणून घ्या, तिकडे लायसन्सशिवाय हा उद्योग चालत नाही. इथे अमेरिकेत स्वतःपुरतं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायला मात्र लागतं.

तर मुद्दा असा की रायफलसाठी प्रोग्रेसिव्ह (एका हँडलला सगळ्या स्टेशनांवर काम करणारा प्रेस) म्हणजे एकीकडून मळकी केस (काडतुसाचं पितळी कवच) टाकायची आणि दुसरीकडून तयार राऊंड उचलायचा, हे डोक्यातून काढून टाका. पिस्तुलाच्या ९ एमएमला ते खरं आहे, सरळ केस, कार्बाइड डाय (केसला आकार देणारा कठीण साचा), ल्यूब (वंगण) नाही लावलं तरी भागतं. बॉटलनेक, म्हणजे बाटलीसारख्या अरुंद मानेच्या केसला ल्यूब लागतंच, ट्रिम (वाढलेली लांबी कापणं) लागतं, मग ते ल्यूब काढावं लागतं, आणि हे सगळं प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) बसायच्या आधी व्हायला हवं. म्हणून दोन टूलहेड (डाय बसवायच्या वरच्या प्लेट), दोन फेऱ्या. पहिली फेरी ब्रासची, म्हणजे रिकाम्या केसेसची, दुसरी भरायची. एका फेरीत सगळं उरकायच्या नादात लोक जो वेळ घालवतात त्यात दोन फेऱ्या आरामात होतात असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी बेंच. बेंच भिंतीला लॅग बोल्टने थेट स्टडमध्ये ठोकला, कारण .२२३ ची केस साइझ करताना, म्हणजे डायमध्ये दाबून मापात आणताना, हँडलला जो जोर लागतो त्याने मोकळा बेंच डुलतो, आणि बेंच डुलला की प्रायमर बसल्याचा अंदाज हाताला लागतच नाही. वरची फळी म्हणजे प्लायवूडचे दोन थर चिकटवलेले. यात कंजूषी करू नका, प्रेस कितीही भारी असला तरी तो शेवटी बेंचएवढाच घट्ट.

पहिली फेरी. माझा बराचसा ब्रास लेक सिटी या अमेरिकी लष्करी कारखान्याचा, बुडावर एलसी आणि वर्तुळातला नाटोचा क्रॉस असलेला. लॅनोलिन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून घरीच स्प्रे करतो, ट्रेमध्ये केसेस हलवायच्या, नेकच्या आत थोडं गेलं पाहिजे, आणि अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत थांबायचं. घाई केली की केस डायमध्ये अडकते आणि मग ड्रिल, टॅप, बोल्ट असा सगळा बाजार मांडावा लागतो. पहिल्या स्टेशनला साइझ-डीकॅप (डीकॅप म्हणजे जुना प्रायमर पिनने काढणं), पुढे आरटी १५०० ट्रिमर टूलहेडवरच उभा, त्याला व्हॅक्यूमचा पाइप, नाहीतर पितळेचा कीस सगळ्या शेलप्लेटवर (केसेस धरणारी फिरती चकती).

साइझिंग डाय शेलप्लेटला टेकवून पाव फेरा वगैरे ठोकताळ्यांवर जाऊ नका. कंपॅरेटर (माप घ्यायचं जोडसाधन) लावा, आपल्याच रायफलमधून उडालेली केस मोजा आणि शोल्डर (मानेखालचा उतार) तीन-एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) मागे जाईल तिथे डाय लॉक करा. एआर-१५ सारख्या सेमी-ऑटो रायफलला यापेक्षा कमी ठेवलं तर बोल्ट पूर्ण बंद होईलच याची खात्री नाही, आणि उगाच जास्त ढकललं तर केस बुडाजवळ लवकर फाटते. आणि हे माप शेलप्लेट भरलेली असताना घ्यायचं बरं का! एकच केस घालून सेट केलं आणि नंतर पाची स्टेशनं भरली की जोर वाटला जातो, टूलहेड हलकंसं वर उचललं जातं आणि माप बदलतं. लांबी १.७५० इंच ठेवतो, कमाल १.७६०. त्यापुढे गेली तर नेकचं तोंड चेंबरच्या टोकाला अडून बुलेट आवळतं आणि प्रेशर चढतं.

मग टम्बलर (कॉर्नकॉबच्या, म्हणजे मक्याच्या कणसाच्या दाणेदार भुशात केस घुसळणारं यंत्र), ल्यूब साफ. ७५० वर स्वेजिंग (प्रायमरच्या खाचेची दाबलेली कड, म्हणजे क्रिम्प, मोकळी करणं) नाही, ते डिलनच्या १०५० आणि ११०० वाल्यांचे लाड, त्यामुळे लेक सिटीचा प्रायमर क्रिम्प बेंचवरच्या सुपर स्वेजवर एकेक करून काढायचा. कंटाळवाणं काम. क्रिकेट लावून बसायचं.

दुसऱ्या टूलहेडला पहिल्या स्टेशनवर साइझिंग डाय वर उचलून लावलीय, म्हणजे शोल्डरला ती हात लावत नाही, फक्त एक्सपँडर बॉल (मान आतून रुंद करणारा गोळा) नेकमधून जातो आणि पिन फ्लॅशहोलमध्ये (ठिणगी आत जायचं बुडातलं भोक) अडकलेला कॉर्नकॉबचा दाणा ढकलून देते. ट्रिम डायला एक्सपँडर नसतो त्यामुळे नेक जरा जास्तच घट्ट राहतो, ही पायरी गाळू नका. दुसऱ्यावर प्रायमर आणि पावडर, तिसऱ्यावर पावडर चेकचा बझर, चौथ्यावर सीटिंग (बुलेट बसवणं), पाचव्यावर अगदी हलका क्रिम्प (केसचं तोंड आवळणं). एकूण लांबी २.२६० इंचाच्या आत, नाहीतर मॅगझिनमध्ये जात नाही.

आता ज्याच्यात सगळ्यात जास्त डोकं गेलं ते. .२२३ ची केस पावडरने जवळजवळ नेकपर्यंत भरते. दुसऱ्या स्टेशनवरून तिसऱ्यावर जाताना शेलप्लेट शेवटच्या क्षणी टक्कन खाच पकडते, त्या झटक्याने तोंडाशी असलेले पाच-सहा दाणे उडून प्लेटवर पडतात. त्या दाण्यांनी चार्जमध्ये फारसा फरक पडत नाही, खरी भानगड पुढे होते, दाणे सरकत प्रायमर पंचाच्या भोकात जातात, पंच पूर्ण वर येत नाही, प्रायमर किंचित उंच राहतो. एआरची फायरिंग पिन मोकळी तरंगती असते, बोल्ट बंद होताना ती प्रायमरला हलकं टोचतेच, त्यामुळे उंच प्रायमर हा हसण्यावारी न्यायचा विषय नाही. उपाय म्हणून शेलप्लेटखाली बेअरिंग टाकलं, डिटेंट बॉलची (प्लेट खाचेत अडकवणारा गोळा) स्प्रिंग हलकी लावली, आणि हँडल वर नेताना शेवटचा इंचभर हात मुद्दाम सावकाश. आता प्लेट कोरडी ठणठणीत राहते. तरी प्रत्येक राऊंडच्या बुडावरून बोट फिरवतो, प्रायमर पृष्ठभागाच्या खाली लागलाच पाहिजे, आणि गेजमध्ये (राऊंडचं माप तपासायचा साचा) टाकूनच डब्यात.

पावडरबद्दल म्हणाल तर व्हार्गेट ही पावडर कितीही आवडत असली तरी या मेजरला (पावडर मापून टाकणारा भाग) बॉल, म्हणजे गोल दाण्यांची पावडरच द्या. व्हार्गेट म्हणजे शेवयांचे तुकडे, .२२३ च्या अरुंद फनेलमध्ये आडवे पडून पूल बांधतात, एका केसमध्ये कमी आणि पुढच्या केसमध्ये जास्त असं होऊ शकतं. बझर मोठा फरक पकडतो, बारीक नाही, म्हणून मधूनमधून एक चार्ज काट्यावर, आणि काटा आधी चेक वेटने तपासलेला. सीएफई २२३ ही बॉल पावडर दशांश ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे वजनाचं छोटं एकक) आतबाहेर पडतेय, २०० आणि ३०० यार्डाला एवढं पुष्कळ झालं. सर्व्हिस रायफल मॅचच्या ६०० यार्डाचे ८० ग्रेनवाले लांब बुलेट मॅगझिनमध्ये मावतच नाहीत, ते सिंगल स्टेजवर (एका वेळी एकच काम करणारा प्रेस), व्हार्गेटने, तोलून. त्या राऊंडांची संख्याही थोडीच असते, प्रोग्रेसिव्ह हवाच कशाला.

कोल्हापूरहून एका मित्राने विचारलं की स्वप्निल कुसळेसारखे नेमबाजही घरीच भरतात का. नाही रे बाबा, ५० मीटरचं ते .२२ रिमफायर, प्रायमिंग मसाला केसच्या काठातच असतो, एकदा पिन आदळली की केस संपली.

फिनिक्सच्या उन्हाळ्यात गॅरेज भट्टी होतं, म्हणून पावडर आणि प्रायमर घरात, मूळ डब्यातच. एनएफपीए या अमेरिकी अग्निसुरक्षा संस्थेच्या नियमात घरी २० पौंड पावडर आणि १०,००० प्रायमरपर्यंत चालतं, त्यापेक्षा पावडर वाढली तर इंचभर जाडीची लाकडी पेटी लागते. बेंचवर एका वेळी एकच पावडर, एकच डबा. सांडलेली पावडर व्हॅक्यूमने ओढायची नाही, ब्रशने गोळा करायची. आणि उठल्यावर साबणाने हात, प्रायमरच्या काजळीत शिसं असतं.

पुढचा नंबर .३०८ चा. शेलप्लेट आणि मोठ्या प्रायमरचा सेट आलाय, ट्रिम डाय यायचीय. .३०८ ला ट्रिमरवर एका टूलहेडमध्ये साइझ आणि ट्रिम करताना शोल्डरच्या मापात कितीचा फरक पडतोय हे कुणी नीट मोजलं असेल तर सांगा, भरलेल्या शेलप्लेटवर मोजलेलंच हवंय.