फडावरचा दुसरा डोस, आणि मी इकडे गावात

मी बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स आहे. 2021 च्या सप्टेंबरमध्ये आम्ही आशाताईंना घेऊन वस्त्या-तांडे पालथे घातले आणि बऱ्याच ऊसतोड कामगारांना कोविशील्ड या करोना लसीचा पहिला डोस दिला, तेव्हा वाटलं काम फत्ते. पण दोन डोसमध्ये 84 दिवसांचं अंतर, आणि त्या वर्षी साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं 15 ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दसऱ्याला. टोळ्या निघून गेल्या कोल्हापूर-सांगलीकडे, काही कर्नाटकात. दुसरा डोस आला डिसेंबरात, माणसं फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या रानात, आणि मी इथं. जे काही समजवायचं ते फोनवरूनच.

आधी वरून आलेले व्हिडिओ व्हॉट्सअपला टाकत सुटले. कुणी बघेना. नंतर कळलं की घरातला एकुलता एक स्मार्टफोन पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी गावातच आजीकडे ठेवलाय, फडावर साधा बटणाचा फोन, तोही मुकादमाच्या, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, गाडीतल्या बॅटरीवर चार्ज होणार. मग व्हिडिओ सोडले आणि रात्री आठ-साडेआठला मुकादमाला फोन लावायला लागले, तो स्पीकर चालू करायचा, कोप्यांसमोर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांसमोर, चुली पेटलेल्या असायच्या, भाकरी थापल्याचा आवाज यायचा आणि मी बोलायचे. पहाटे चारला उठणारी माणसं ती, दहा मिनिटांच्या वर बोललं की तिकडून कुणीतरी म्हणणारच, "बाई, आवरा आता."

लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो ही अफवा त्यातल्या त्यात सोपी गेली. गावातल्या ज्या म्हाताऱ्यांनी मार्चमध्येच लस घेतली होती त्यांनाच मी फोनवर घ्यायचे, ते खणखणीत आवाजात शिव्या घालायचे, की झालं काम.

बायकांचं अवघड होतं. एका रात्री मी नेहमीसारखं सांगितलं की लसीने मूलबाळ होण्यावर काही परिणाम होत नाही, काही होत नाही. पलीकडून एकजण म्हणाली, "ताई, माझी पिशवी काढली तवा बी डॉक्टर हेच म्हणला व्हता, काही होत नाही. तवापासून कंबर धरून ऊस तोडते." मी गप्पच झाले. आमच्या जिल्ह्यात हजारो ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्यात, 2019 मध्ये त्यावर सरकारी समिती पण बसली होती. त्यांचा अविश्वास व्हॉट्सअपवरून आलेला नव्हता, आमच्याच पेशातून आला होता. त्या दिवसापासून "काही होत नाही" हे वाक्य मी बंद केलं. ताप येईल, अंग दुखेल, एक-दोन दिवस कोयता धरवणार नाही, पॅरासिटामॉल घ्या, असं सरळ सांगायला लागले.

आणि सरळ सांगितल्यावर खरी अडचण बाहेर आली! ताप आला तर खाडा, म्हणजे कामाचा दिवस बुडाला. नवरा-बायको मिळून एक कोयता, एक आडवा पडला की दोघांचं काम अडतं, मुकादम पैसे कापणार, आधी घेतलेली उचल तशीच डोक्यावर. मला खरंच लाज वाटली, दोन महिने मी अफवा खोडत बसले आणि हिशोब कुणी विचारलाच नव्हता. मग आमचंच ठरलं की आधी गडी घेतील, दोन-तीन दिवसांनी बायका, म्हणजे घरात एक तरी उभा राहील. तिकडच्या आरोग्य केंद्राला फोन केला तर सिस्टर म्हणाली, "मॅडम, वायलमध्ये, म्हणजे लसीच्या बाटलीत, दहा डोस, फोडली की चार तासांत संपवायची, दोन-दोन माणसं पाठवू नका." बरोबरच होतं तिचं. मग शेजारच्या टोळीच्या मुकादमाला गळ घातली आणि दहा गडी एका दिवशी, दहा बायका तीन दिवसांनी असं जमवलं. खाडा माफ करायला एक मुकादम तयार झाला, दुसरा अर्धाच माफ करतो म्हणाला.

एवढं करून लसीच्या नोंदणीतल्या मोबाईल नंबरवर गाडी अडली. पहिल्या डोसला कुणाचा भाच्याचा, कुणाचा तर आशाताईचाच नंबर दिलेला, आणि दुसऱ्या डोसला तोच सांगितला नाही तर पुन्हा पहिला डोस म्हणून नोंद व्हायची. माझ्याकडे वहीत नंबर होते म्हणून वाचलो. त्या दिवशी मी उपकेंद्राच्या ओट्यावर बसून दुपारी दोनपर्यंत फोनवरून नंबर वाचून दाखवत होते.

कंबरवाली आली नाही. गडी पाठवला, स्वतः नाही गेली. मी पण फार रेटलं नाही. फेब्रुवारीत एका रात्री तिचाच फोन आला, मला वाटलं लसीचं असेल, तर म्हणाली, "ताई, कंबरेचं सांगा ना काहीतरी, तुम्ही खरं सांगता." अर्धा तास बोललो आम्ही, लसीचा विषय निघालाच नाही.