नऊशे पानांचा अंगरखा

पहिला अंगरखा मी हिरवा केला होता. गडद हिरवा, पोपटी आणि शेवाळी अशा तीन रंगांची पानं कापून जुन्या सैल सदऱ्यावर टाचली, तो अंगात घातला आणि पाण्याकाठच्या झुडपाला टेकून बसले. बहिणीने पलीकडच्या काठावरून फोटो काढला. त्यात मला शोधावं लागलंच नाही. झुडपाच्या पोटात एक गर्द हिरवा गोळा आणि त्याच्या वरच्या कडेला उजळलेली खांद्यांची कमान, अगदी रेघ मारल्यासारखी. तोच फोटो कृष्णधवल करून पाहिला तेव्हा मनाला जास्त लागलं. रंग गेला तरी माणूस तसाच उरला होता.

हे सगळं खंड्यासाठी चाललं होतं. पाण्यावर वाकलेल्या एका काटकीवर तो रोज येतो. मला त्याचे फोटो जवळून हवे होते, तेही त्याच्या दिनक्रमाला धक्का न लावता. तंबूवजा आडोसा उभारण्यापेक्षा अंगावरच पानं चढवणं बरं वाटलं, म्हणून गिली सूट, म्हणजे आसपासच्या झाडोऱ्यात मिसळून जाणारा पाना-चिंध्यांचा पोशाख, घरी करायचं ठरवलं.

या पोशाखाला इतिहास आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात शिकारीला जाणाऱ्या जमीनदारांबरोबर जे वाटाडे असत त्यांना गिली म्हणत. गेलिक भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ मुलगा किंवा सेवक. हरणांच्या जवळ कसं पोचायचं हे त्यांना ठाऊक होतं. लॉर्ड लोव्हॅट यांनी १९०० साली बोअर युद्धासाठी लोव्हॅट स्काउट्स ही तुकडी उभारली, ती अशाच माणसांतून. तिथून हा पोशाख सैन्यात गेला आणि नेमबाजांचा झाला. मला मात्र तो त्याच्या जुन्या घराच्या जवळ वाटतो, म्हणजे प्राण्यापाशी चुपचाप बसायला.

फोटो फसल्यावर मी आधी जागा पाहायला गेले. बसायच्या ठिकाणची हातभर लांब-रुंद जमीन निरखली. वाटलं होतं त्याहून हिरवं फारच थोडं निघालं. बाकी सगळं भुरकट, करडं, वाळक्या गवताचं फिकट पिवळं, ओल्या पाचोळ्याचं काळपट तपकिरी. आणि जे हिरवं होतं त्यातली निम्मी पानं उलटी झालेली. पानाची खालची बाजू वरच्यापेक्षा फिकी असते, कारण हरितद्रव्याने भरलेल्या पेशींची दाट रांग वरच्या अंगाला असते आणि खाली पोकळ्या असलेला सैलसर थर असतो. वाऱ्याने झुडूप हललं की ही फिकी बाजू लुकलुकते. माझ्या अंगरख्यातली पानं सगळी एकाच बाजूची होती. त्याहून मोठी उणीव म्हणजे दोन पानांमधला अंधार त्यात नव्हता. खऱ्या झुडपात पानांइतक्याच सावल्या असतात. माझ्याकडे नुसती पानं होती, तीही सदऱ्याला चिकटून बसलेली.

मग सगळं उसवलं.

कापड निवडताना एक गोष्ट कळली, ती आधी कळायला हवी होती. पहिली पानं मी जुन्या पांढऱ्या चादरीची कापून रंगवली होती. एका रात्री अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च त्यावर मारला, तर कितीतरी पानं निळसर चमकायला लागली. कपडे धुण्याच्या बहुतेक पावडरींत उजळपणा आणणारी रसायनं असतात. ती अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून पांढरं कापड आपल्याला जास्तच पांढरं दिसतं. बऱ्याच पक्ष्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींचा चौथा प्रकार असतो, आणि आपल्याला न दिसणारा प्रकाशही त्यांना दिसतो. अशा डोळ्यांसमोर चमकणारा पाला घेऊन बसण्यात काय अर्थ? चादर बाजूला ठेवली आणि कोरं मांजरपाट आणलं. ते आधी उकळून त्याची खळ काढली, कारण खळ असेल तर रंग डाग-डाग चढतो. तेव्हापासून अंगरखा धुवायचा झाला तर नुसत्या पाण्याने.

रंगवण्यात मला सगळ्यात जास्त आनंद झाला. चहाच्या चोथ्याच्या उकळत्या पाण्यात मांजरपाट तासभर ठेवलं की वाळक्या पानाचा भुरकट रंग येतो. शेजारी दुसऱ्या बादलीत लोखंडी पाणी: गंजके खिळे आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवायचे आणि ते पाणी गाळून पातळ करायचं. चहाने रंगलेला तुकडा त्यात बुडवला की चहातलं टॅनिन आणि लोखंड एकत्र येतात आणि कापड डोळ्यांदेखत करडं पडतं. पूर्वी लिहायची काळी शाई याच जोडीतून व्हायची. मी काही तुकडे क्षणभर बुडवले, काही पाच मिनिटं ठेवले, काही चुरगाळून दोऱ्याने बांधून टाकले. चुरगाळलेले सर्वांत छान निघाले, कारण त्यांच्यात एकच सपाट रंग नव्हता. लोखंडाने सुती धागा पुढे कमकुवत होतो, म्हणून बाहेर काढल्यावर प्रत्येक तुकडा भरपूर पाण्यात खळबळून घेतला. शेवाळी रंग तेवढा तयार पुडीचा वापरला, तोही चहाच्या पाण्यात मिसळून मळकट केलेला. एकूण कापडात हिरवं चौथाईच ठेवलं.

आता कापणं. सुरुवातीला मी पुठ्ठ्याचा साचा ठेवून एकेक पान कापत होते. चार संध्याकाळी खर्ची घातल्या तेव्हा सव्वाशे पानं झाली, आणि त्यातल्या निम्म्यांच्या कडांना दशा सुटलेल्या. पांढरा डिंक पातळ करून कडांना लावून पाहिला. दशा थांबल्या, पण पानं कडक झाली आणि हात हलवला की खुळखुळ वाजायला लागली. आवाज करणारं पान माझ्या काय कामाचं?

शिवणकाम करणाऱ्या मावशीला विचारलं. तिने एक पान हातात घेतलं, दोन्ही बाजूंना ताणून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘अगं, सरळ धाग्यावर कापलंस की दशा निघणारच. उरेब धर. आणि एकेक पान कशाला कापतेस? पट्टी काप, पट्टीलाच पानं पाड.’’

‘‘मावशी, तू दाखव ना एक करून.’’

तिने दाखवलं आणि माझं काम कितीतरी पटींनी सोपं झालं. कापडाच्या काठाशी पंचेचाळीस अंशांचा कोन करून, म्हणजे उरेब, बारा सेंटिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या काढायच्या. पट्टीच्या मधोमध दोन सेंटिमीटरचा कणा सोडायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून पानाच्या आकाराचे काप द्यायचे. काप कण्यापर्यंत जातो, त्यामुळे पान पट्टीला देठाने धरून राहतं. उरेब कापडाच्या कडा फार सुटत नाहीत आणि त्यांना आपसूक हलकी मुरड पडते. साधारण पाच सेंटिमीटरला एक पान धरलं तर मीटरभर पट्टीत दोन्ही बाजूंची मिळून चाळीसेक पानं होतात. मला बावीस मीटर पट्टी लागली, म्हणजे नऊशेच्या आसपास पानं. सगळी एका आकाराची केली नाहीत. काही अरुंद, काही किडीने खाल्ल्यासारखी मध्ये भोक पाडलेली, काही अर्धीच कापून सोडलेली. प्रत्येक पानाच्या देठाशी बोटाने चिमटा काढून एक टाका घातला की पान किंचित खोलगट होतं आणि स्वतःचीच सावली स्वतःवर पाडतं. हा एक टाका अजिबात चुकवू नये. पहिल्या अंगरख्यात नेमकं हेच नव्हतं.

गिली सूटमध्ये सहसा पुढची बाजू मोकळी ठेवून तिथे जाड कापड लावतात, कारण नेमबाज पोटावर सरपटतो. मला सरपटायचं नव्हतं, बसायचं होतं. म्हणून उलट केलं. बैठकीची जागा आणि पाठीचा खालचा भाग मोकळा, तिथे दुहेरी कॅनव्हास. पानं छातीवर, बाह्यांवर, खांद्यांवर आणि कुंचीवर. मांडीवर टाकायला पानांचा वेगळा पदरासारखा तुकडा. पुढे बटणं ठेवली असती तर मधोमध सरळ उभी रेघ पडली असती, म्हणून सदरा पुढून शिवून टाकला आणि मागून उघडा केला, झबल्यासारख्या नाड्या लावून.

पट्ट्या खालून वर शिवत गेले, कौलं रचतात तशा. दोन ओळींत आठ सेंटिमीटर अंतर. मधला कणा शिवला की पट्टीची वरची पानं खालच्यांवर कलतात आणि त्याखाली काळोखाची घडी तयार होते. आतला सदरा त्यासाठीच गडद तपकिरी रंगवला होता. निव्वळ काळा नाही, कारण उजेडात काळं कापड भोकासारखं दिसतं.

रंगांची मांडणी मात्र मी विचार करून केली. अमेरिकन चित्रकार अ‍ॅबट थेयर यांनी मांडलेला एक विचार मला पटला होता. उजेड वरून येतो, म्हणून अनेक प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं. त्यामुळे उजेड-सावली एकमेकांना खोडतात आणि अंगाचा गोलवा दिसेनासा होतो. माझ्या फसलेल्या फोटोतली खांद्यांची कमान याच कारणाने उजळली होती, कारण पोपटी पानं मी नेमकी खांद्यावर लावली होती. या वेळी खांद्यांवर आणि डोक्यावर सर्वांत गडद पानं, छातीवर मिश्र, आणि मांडीवरच्या तुकड्यात वाळक्या गवताचे फिके रंग. दुसरी गोष्ट ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट यांची. बेडकाच्या मांडीवरचा पट्टा पाय दुमडल्यावर पोटरीच्या पट्ट्याला जुळतो आणि पाय वेगळा ओळखू येत नाही, हे त्यांनी १९४० साली सविस्तर लिहिलं. मी कॅमेरा धरतात तसे हात धरून आरशासमोर बसले आणि बाहीवरून छातीवर जाणारे फिके ठिपके खडूने आखून घेतले. मग तिथे तशीच पानं शिवली. हात शरीरापासून वेगळा दिसणं तिथे थांबलं.

चेहऱ्यासाठी कुंचीच्या पुढच्या कडेला सैल विणीची जाळी, हनुवटीपर्यंत. चष्म्यावर उजेड चमकतो, म्हणून कुंचीची कड चार बोटं पुढे काढली. हातमोजे पातळ, बोटांच्या टोकांशी उघडे. खरी पानं खोचायला खांद्यांवर आणि कुंचीवर सुतळीचे थोडे फासे ठेवले, पण त्यांचा उपयोग बेतानेच करते. तोडलेला पाला काही तासांत मरगळतो आणि रंग बदलतो, शिवाय रोज झाडं ओरबाडायला मला आवडत नाही. जमिनीवर पडलेल्या काटक्या पुरतात.

तयार झाल्यावर अंगरखा दोन किलोंच्या थोडा वर भरला. गोणपाटाच्या दोऱ्यांचे सूट याहून जड होतात आणि ओले झाले तर विचारूच नका. उकाडा मात्र यातही होतो. तासाभराने घाम फुटतो, त्यामुळे पाणी जवळ हवंच. आणि आगीपासून लांब राहायचं, कारण हलक्या सुती चिंध्यांचा हा ढीग ठिणगीने भडकेल. जाता-येता मी तो पिशवीत ठेवते, बसल्यावरच घालते, आणि कुठे बसणार आहे ते घरी सांगून जाते. जिथे शिकारीला परवानगी असते तिथे तर असा पोशाख घालून फिरणं जिवावर बेतू शकतं. घरट्याजवळ तो घालून कधीच बसत नाही. आपण दिसलो नाही तरी आपल्या तिथे असण्याने पिलांचं खाणं थांबू शकतं.

बहिणीने पुन्हा पलीकडच्या काठावरून फोटो काढला. मोबाइलवर तो मोठा करत ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग तिने मला हात हलवायला सांगितलं. कृष्णधवल केल्यावरही खांदे सापडले नाहीत. फक्त डाव्या गुडघ्याशी एक गोल कड दिसत होती. तिथे घरी जाऊन दोन पट्ट्या तिरप्या शिवल्या.

दोन दिवसांनी पहाटेच जाऊन बसले. आधी एक चतुर मांडीवरच्या पानावर येऊन टेकला, उडाला, पुन्हा तिथेच टेकला. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. ऊन पाण्यावर उतरलं तेव्हा खंड्या काटकीवर आला, माझ्यापासून चार मीटरांवर. एकदा मान माझ्याकडे वळली, तशीच पुढे गेली. मग त्याने सूर मारला, मासा घेऊन परत त्याच जागी बसला, काटकीवर दोन-तीनदा आपटला आणि डोक्याच्या बाजूने गिळला. चोचीवरून ओघळणारा पाण्याचा थेंब मला कॅमेऱ्याशिवाय दिसत होता.

मी बटण दाबलं. शटरच्या आवाजाबरोबर तो उडून गेला.

एकच फोटो मिळाला, पण स्वच्छ आहे. आता कॅमेऱ्यासाठी आतून जाड अस्तर लावलेली पानांची खोळ शिवायला घेतली आहे. दोन मीटर मांजरपाट चहाच्या पाण्यात भिजतंय, आणि या वेळी पट्ट्या मावशी कापून देणार आहे.