फाटकावरची घार

शहापूरकडच्या एका शाळेतून मार्चमध्ये फोन आला, "घार पोरांच्या डोक्यात मारतीय, घरटं आजच्या आज उतरवा." मी वनखात्यात गार्ड. बेळगावात उन्हाळ्याच्या तोंडावर असे फोन येतातच. पण इथं दहावीची परीक्षा जवळ आलेली, सातवीतल्या एका पोराच्या टाळूवर नखांचे ओरखडे आणि फाटकाशी संतापलेले पालक. एकानं बांबूला चिंध्या गुंडाळून टेंभाही तयार ठेवला होता.

आधी पोराकडे बघितलं. पक्ष्याच्या नखानं रेबीज होत नाही, पण जखम साबणानं धुवून धनुर्वाताचं इंजेक्शन द्या, असं त्याच्या आईला सांगितलं. मग फाटकाजवळच्या निलगिरीवर दुर्बीण लावली. बेचक्यात काटक्यांचा ढीग, त्यात चिंध्या, प्लॅस्टिक, वायरीचा तुकडा. काठावर एक पिल्लू बसलेलं. अंगावर मळकट लव, पंखांत काळपट पिसं नुकतीच फुटलेली. उडायला अजून महिना तरी लागणार होता.

"साहेब, आमच्या पोरांपेक्षा घार मोठी काय?" त्या आईनं विचारलं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं घरट्याला हात लावता येत नाही, हे मी सांगितलं. पण तेवढ्यानं तिचा जीव खाली पडणार नव्हता, आणि का पडावा? मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबलो.

तिथं खरी गोष्ट कळली. त्या दिवशी जेवणात अंडी होती. पोरं मैदानात ताटं घेऊन बसली, तशी एक घार झाडाआडून आली आणि बोटाला न लागता ताटातलं अंडं उचलून गेली. तिला फक्त खाणं हवं होतं. फाटकावरची घार मात्र पाठीमागून यायची, डोक्यावर झेपावून परत फांदीवर जायची. तिला पिल्लू राखायचं होतं. लोकांनी दोन्ही एकच समजून सगळा राग घरट्यावर काढला होता. उघड्यावरच्या जेवणानं घारी आवारात येत होत्या, पोरांची येजा होती नेमकी घरट्याखालून, आणि या दोन्ही गोष्टी माणसाच्या हातातल्या होत्या.

हेडसरांनी लगेच ऐकलं. पंगत व्हरांड्यात गेली. स्वयंपाकाच्या अक्कांनी खरकटं झाकणाच्या बादलीत टाकायला सुरुवात केली. मोठ्या फाटकाला कुलूप लावून मागच्या बोळातून वाट काढली, आणि तशी सूचना मराठी-कन्नड दोन्हींत लिहून लावली. ज्यांना झाडाखालून जाणं भागच होतं, त्यांनी छत्री धरायची.

त्यानंतर कुणालाही लागलं नाही. परीक्षा पार पडली, मेच्या सुट्टीत पिल्लूही उडालं.

जूनमध्ये हेडसरांनी विचारलं, आता झाड तोडायचं का? मी नको म्हटलं. घारी पुष्कळदा जुन्याच घरट्याला परत येतात. म्हणून झाड राहू दे, पण जानेवारी लागला की मोठं फाटक बंद, हे शाळेच्या वहीत लिहून घेतलंय.