तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी कुऱ्हाड घ्यावी की भंगारातच राहू द्यावी?

"काका, ही घेऊ का?" एवढाच मेसेज अन् सोबत गंजलेल्या कुऱ्हाडीचा फोटो, तोही बहुतेक अंधारातला. कोणी शनिवारी बाजारात उभं राहून विचारते, कोणी नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीतून, कोणाला गावच्या घरी माळ्यावर सापडलेली असते. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. फोटोत दिसते काय तर गंज अन् मोडका दांडा, आणि नेमकं त्या दोन गोष्टींवरून काहीच ठरत नाही. गंज निघतो, दांडा बदलता येतो. पोलाद किती उरलं आहे अन् नेढं, म्हणजे दांडा बसतो ते भोक, शाबूत आहे का, हे बघा. ते गेलं की गेलं.

पोलादाचं आधी सांगतो, कारण लोक तिथेच फसतात. जुनी कुऱ्हाड आपल्या लोहाराची असो की विलायती, पुष्कळदा अख्खी पोलादाची नसतेच, अंग मऊ लोखंडाचं आणि धारेच्या बाजूला तेवढी पोलादाची पट्टी तापवून, घण मारून जोडलेली. पुढे कारखान्यात एकसंध पोलादाच्या निघायला लागल्या, तरी पाणी देतात (म्हणजे तापवून, बुडवून कडक करतात) ते धारेकडच्या भागालाच, मागचा भाग मऊ ठेवतात, नाहीतर घावाच्या झटक्याने तडकायचा. म्हणजे पाजवून पाजवून तो पुढचा कडक भाग संपला की उरते नुसतं लोखंड, त्याला कितीही धार लावा, दोन लाकडं फोडली की बोथट!

हे ओळखायचं कसं, तर आधी आकार बघा. पात्याचे दोन्ही कोपरे जागेवर आहेत की एक कोपरा झिजून गोल झाला आहे? पातं बुटकं दिसते का? बुटकं म्हणजे आयुष्य वापरून झालेली. मग खिशात एक छोटी कानस ठेवत जा (दुकानदार तोंड वाकडं करते, करू द्या) अन् धारेवर हलकी ओढून बघा. कानस जरा घसरत, कष्टाने कापत असेल तर पाणी शिल्लक आहे. मऊसूत भुगा पडत असेल तर पाणी गेलं. तशीच धारेपासून मागे मागे ओढत न्या, जिथे सहज चावायला लागते तिथे कडक भाग संपला. घरी आणल्यावर पातं घासून साफ करा, त्याच्यावर व्हिनेगर फिरवून थोडा वेळ थांबा, पट्टी जोडलेली असेल तर पोलाद काळपट पडते अन् जोडाची रेघ बरेचदा दिसून येते.

पाणी जाते कशाने? आगीने. अडकलेला दांडा काढायला लोक डोकं सरळ चुलीत टाकतात, किंवा धार लावायला ग्राइंडर मारतात. पोलाद साधारण 300 अंशाला गेलं की निळं पडते अन् धारेला हवा तो कडकपणा उतरलेला असते. धारेवर निळा पट्टा दिसला अन् तो बारीकच असला तर कानसीने मागे घेता येते, पण पात्यात तेवढी जागा पाहिजे. अख्खं डोकंच आगीतून काढलेलं वाटलं तर सोडा, पुन्हा पाणी देणारा लोहार ओळखीचा असेल तरच घ्या.

आता नेढं. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने पहारी-छिन्न्या ठोकायची आपल्याकडे भारी हौस. त्याने मागचा भाग पसरतो, नेढ्याच्या भिंती वाकतात, कधी तडकतात. थोडं पसरलेलं असेल तर कानसीने जाते, पण तडा गेलेली फुकटात दिली तरी घेऊ नका, घाव घालताना डोकं सुटलं तर कुठे जाऊन लागेल सांगता येत नाही. सुतळीला टांगून हातोडीने टिचकी मारा, घंटीसारखी वाजली तर बरं, बद्द वाजली तर शंका घ्या. पक्कं बघायचं असेल तर नेढ्याला रॉकेल लावून पुसून काढा अन् वरून खडूची भुकटी टाका, तड्यात शिरलेलं रॉकेल खडूवर रेघ काढते. अन् नेढ्यावर वेल्डिंग दिसलं की परत ठेवून द्यायची, बोलायचंही नाही.

गंजाचं म्हणाल तर लाल गंज दिसला की खुश व्हा, भाव पाडता येतो. खड्डे बघा फक्त. अंगावर पडलेले चालतात, धारेजवळचे खोल खड्डे चालत नाहीत, तिथे धार तुटत राहते.

नावाचा छाप असला की लोक हरखून जातात. वेन्सबरीच्या एल्वेल, बर्मिंगहॅमकडच्या ब्रेड्स, अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये 1826 साली सुरू झालेल्या कॉलिन्सच्या, चांगल्याच कुऱ्हाडी त्या, नाही कोण म्हणते. बाणाच्या टोकासारखी खूण असेल तर ब्रिटिश सरकारी माल, नागपूरजवळच्या कामठीची छावणी 1821 ची, त्यामुळे असा माल आपल्या इकडे निघाला तर नवल नाही. पण छापाने लाकूड फुटत नाही ना भाऊ! झिजून अर्धी झालेली एल्वेल अन् रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसणाऱ्या गाडी लोहाराने ट्रकच्या पाट्यातून (स्प्रिंगच्या पट्टीतून) काढलेली, पातं पूर्ण असलेली बिननावाची, ह्यात मी डोळे मिटून दुसरी घेईन. भिंतीवर टांगायची असेल तर गोष्ट वेगळी, मग छापच बघा.

दांडा नवीनच करा. सागाचा देखणा दिसते पण झटका सोसायला धावडा पाहिजे, लकडगंजात विचारून बघा. टोकाकडून बघितलं तर लाकडाच्या रेषा पात्याच्या दिशेत असाव्या, आडव्या नको. वरून जवसाचं तेल, आपल्या विदर्भात त्याची काय कमी. अन् दांडा बसवायचा तो मे महिन्यात, उन्हाने लाकूड पार सुकलं असते तेव्हा. जुलैत बसवलेला दांडा ओल धरून फुगलेला असते, तो पुढच्या उन्हाळ्यात हमखास ढिला होते, मग लोक कुऱ्हाड बादलीत बुडवून ठेवतात, दोन दिवस घट्ट वाटते अन् सुकली की आधीपेक्षा जास्त हलते. डोकं आत्ता मिळून राहिलं तर घेऊन तेल लावून ठेवा, पाचर उन्हाळ्यात ठोका.